व्यंकोजीचं ठिगळ

बंगळुरातल्या गवीपूरच्या व्यंकोजी लाडाला लोक रस्त्यात ओळखायचे ते तोंडावरून नव्हे, तोंड वाकडं केल्यावर. एरवी तो असा की शेजारून गेला तरी कळू नये. बुटका, गव्हाळ, डोक्यावर जेमतेम केस. पण कॉटनपेटेत टांगेवाल्यानं एकदा का ओळखलं की झालं! "व्यंकोजण्णा, स्वल्प ते तोंड करून दाखवा की!" मग पानवाला खाली उतरणार, भाजीवाली टोपली टेकवणार, चार पोरं गोळा होणार. व्यंकोजी ओठ डावीकडे ओढायचा, एक डोळा अर्धा मिटायचा, जीभ जड करून दोन शब्द बोलायचा आणि अख्खा रस्ता पोट धरून हसायचा.

घरी आला की न्हाणीत जाऊन तो चूळ भरायचा. एक नाही, पाच-सहा. बायको गोजराबाई म्हणायची, "काय खाऊन आलात एवढं?" काय सांगणार, कपाळ? ते तोंड त्याचं नव्हतंच. दुसऱ्याचं उचललेलं होतं, आणि कुणाचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

लाडांचं घराणं तीनशे वर्षांमागं मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडं आलं आणि इथंच राहिलं. तलवारी कुठं गेल्या देव जाणे. व्यंकोजीच्या वाट्याला आली ती बापाची शिपाईगिरी, तीही बापाबरोबर संपली. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, आणि राग आला की दोन्ही. वयाच्या विसाव्या वर्षी त्याच्याकडं विकण्यासारखी एकच गोष्ट होती : नकला. सोयरिकीतल्या एका लग्नात तो मांडवात उभा राहून आचाऱ्याची, भटजीची, नवरीच्या मामाची नक्कल करत होता, आणि ती बघायला रघुजी अण्णा उभे होते.

रघुजी अण्णा म्हणजे कॉटनपेटचे रघुजी माने. कन्नड नाटक कंपनीतले राजे! कंपनीचं नाव श्री गवीगंगाधर कृपापोषित नाटक मंडळी. तिच्यात जेवढी नाटकं तेवढे राजे, आणि सगळे राजे रघुजी अण्णा. सहा फूट उंची, छाती अशी रुंद, आणि आवाज असा की थिएटरचा पत्रा थरथरावा. त्यांनी व्यंकोजीला दंडाला धरून मालकांपुढं उभं केलं. मालक हयवदनराव. त्यांनी त्याला खालून वर बघितलं आणि म्हणाले, "याच्या डोक्यावर मुकुट ठेवला तर नुसता मुकुटच दिसेल हो!"

"मुकुट नको ठेवू," अण्णा म्हणाले. "झाडू दे हातात. लोक खुर्चीतून हलणार नाहीत. माझा शब्द."

तर असा व्यंकोजी विनोदी नट झाला. त्याला काय व्हायचं होतं विचाराल तर राजा. ही त्या सगळ्यांचीच खोड, कुठल्याही विनोदी नटाला एकांतात गाठून विचारा. अण्णांची राजसभेतली भाषणं त्याला तोंडपाठ होती. विंगेत झाडू धरून उभा राहिला की ओठ हलायचे. कंपनीत त्याची किंमत काय ते पंगतीत कळायचं. पहिल्या पंगतीला राजे, राण्या, गाणारे. दुसऱ्या पंगतीला तबलजी, पडदे रंगवणारा, पेटीवाला आणि व्यंकोजी. तोवर सांबारात भाजी उरलेली नसायची. "हसणारे हसून घरी जातात रे," तो पडदे रंगवणाऱ्याला म्हणायचा, "रडणारे मात्र राजाचं नाव घेत जातात."

आणि एक गोष्ट त्याला फार सलायची : वन्स मोअर. गाण्याला वन्स मोअर पडायचा, अण्णांच्या भाषणाला पडायचा. विनोदाला कोण देतो? हसू आलं, गेलं, संपलं. कंपनीत रीत अशी की वन्स मोअर पडला तर रंगमंचावर जो वडील नट असेल त्याच्याकडं बघायचं. त्यानं मान हलवली तरच पुन्हा करायचं. अकरा वर्षांत व्यंकोजीला कुणाकडं तसं बघायची वेळच आली नव्हती.

दुसरी रीत होती ठिगळाची. कुणी भाषण विसरला, कुणाची मिशी सुटली, पडदा अडकला, की विनोदी नटानं हातात मिळेल ते घेऊन रंगमंचावर घुसायचं आणि लोकांना हसवत ठेवायचं, भोक बुजेपर्यंत. त्यालाच कंपनीत ठिगळ लावणं म्हणत. व्यंकोजीनं सगळ्यांना ठिगळं लावली. राणीला, सेनापतीला, एकदा तर खुद्द देवाला. नाही लावलं ते एका रघुजी अण्णांना. अण्णा कधी विसरलेच नाहीत.

कन्नड मुलखाचं नवं राज्य झालं त्या साली, म्हणजे छप्पन्नच्या नोव्हेंबरात, कंपनीचा मुक्काम बंगळुरातच होता. रविवारचा दुपारचा प्रयोग. थिएटर खच्चून भरलेलं. तिसऱ्या अंकात राजा वीरभूपाल भर सभेत तलवार उपसून प्रजेला वचन देतो, असा प्रवेश. अण्णांनी तलवार उपसली, दोन वाक्यं झाली, आणि तिसरं वाक्य चिकटलं. शब्द लोळायला लागले. मग तलवार हातातून खण्णकन पडली.

विंगेत व्यंकोजीच्या मनात पहिल्यांदा काय आलं? काळजी नव्हे हो. आनंद! अण्णा विसरले! अकरा वर्षांनी एकदा तरी विसरले! तो झाडू घेऊन धावलाच.

त्यानं तलवार उचलून महाराजांच्या हातात दिली. हातानं धरली नाही, पुन्हा पडली. लोक हसले. पुन्हा दिली, पुन्हा पडली; लोक आणखी हसले. महाराज काहीतरी बोलले, त्यातलं अक्षर कळेना. व्यंकोजी लोकांकडं वळला, "महाराज काय म्हणतात म्हणून सांगू?" आणि त्यानं तेच तोंड केलं. तसाच ओढलेला ओठ, तशीच जड जीभ, तसेच लोळणारे शब्द. थिएटर फुटलं! बाया पदर तोंडात कोंबून हसताहेत, मागचे बाकांवर चढले, आणि कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" मग सगळेच.

व्यंकोजीच्या अंगावर काटा आला. रीतीप्रमाणं तो परवानगीसाठी अण्णांकडं वळला.

आणि त्यानं बघितलं. अगदी जवळून बघितलं. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, रंगावर तिची रेघ उमटलेली. डोळे त्याच्यावर लागलेले. त्या डोळ्यांत सोंग नव्हतं. व्यंक्या, मला काय होतंय रे, एवढंच होतं त्यांत. व्यंकोजीची आई तीन वर्षांमागं अशीच गेली होती. असंच तोंड, असाच हात. त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याला कळलं. तिथल्या तिथं कळलं.

अण्णांची मान खाली कलली. त्यांनी हलवली नव्हती, ती आपसूक कलली होती. व्यंकोजीनं ती परवानगी म्हणून घेतली, लोकांकडं तोंड फिरवलं आणि सगळं पुन्हा केलं. आधीपेक्षा चांगलं केलं.

दुसऱ्यांदा टाळ्या चालू असतानाच अण्णांचा गुडघा मोडला. पडदा पडला.

इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, अर्धांगवायू आहे. जीव वाचला, पण उजवी बाजू आणि वाचा गेली. "पाच मिनिटं आधी आणलं असतं तर?" व्यंकोजीनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटांनी काही फरक पडला नसता. भला माणूस. पण त्या उत्तरानं व्यंकोजीला हलकं वाटायचं ते वाटलं नाही. दुखणं वाढलं नाही म्हणे. मग आपण त्या पाच मिनिटांत केलं ते काय?

अण्णांच्या बायकोनं, सोयराक्कानं, व्हरांड्यात त्याचे दोन्ही हात धरले. "व्यंकू, तू होतास म्हणून त्यांची अब्रू राहिली रे. राजा पडला हे कुणाला दिसलं नाही. लोक हसत हसत घरी गेले. तुझे उपकार कसे फेडू?" तिथंच सांगून टाकायला हवं होतं : अक्का, दुसऱ्या वेळी मला माहीत होतं. तेवढंच, पाच-सहा शब्द. तो म्हणाला, "असं काय बोलता अक्का!" आणि मान खाली घातली. तिला तो विनय वाटला.

पंधरा दिवसांनी कंपनी होसकोट्याला गेली. हयवदनरावांनी त्याला बोलावलं. "वीरभूपाल लावतोय. नवा राजा मिळालाय, यथातथाच आहे. पण बंगळुराहून आलेले लोक ते ठिगळ मागताहेत. ते वाकडं तोंड."

"नको मालक."

"का रे?"

का ते सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. "अण्णांना कळलं तर वाईट वाटेल," एवढंच तो म्हणाला.

"अण्णा होसकोट्याला येताहेत थोडेच!" मालक म्हणाले. "आणि त्यांची नक्कल आहे हे कुणाला ठाऊक? लोक समजतात, राजानं भांग घेतली. तू कर. तीस पोटं आहेत कंपनीत."

त्यानं केलं. वन्स मोअर पडला. मग गावोगाव पडत राहिला. वर्षभरात जाहिरातीच्या कागदावर त्याचं नाव राजाच्या वर गेलं. आणि एक दिवस पंगत बसताना वाढप्यानं त्याला हाक मारली, "व्यंकोजण्णा, इकडं, पहिल्या पंगतीला!" भिंतीकडचा रुंद पाट रिकामा ठेवला होता. तो अण्णांचा पाट. बारा वर्षं त्याला पहिली पंगत हवी होती. मिळाली तेव्हा सांबारात भाजी भरपूर होती आणि घास खाली उतरेना. तरी बसला तो. उठला नाही. हेही सांगितलं पाहिजे.

मुक्काम जवळपास असला की सोमवारी, सुटीच्या दिवशी, तो बसनं बंगळूर गाठायचा आणि कॉटनपेटेत अण्णांकडं जायचा. बेकरीतले बन घेऊन. सोयराक्का पाटावर उदबत्त्या वळत बसलेली असायची; दारातून आत पाऊल टाकलं की बांबूच्या काड्या, काळा मसाला, आणि त्या वासानं डोकं भरून जायचं. "ये व्यंकू. ऊट झालं का?" ती जेवणाचं विचारायची. अण्णा खिडकीशी खुर्चीत. त्यांना एक शब्द बोलता येत नसे. समजत किती ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. सोयराक्का म्हणायची, "मला वाटतं, तुला ओळखतात. बाकी देवाला ठाऊक."

दर सोमवारी तो अण्णांची दाढी करायचा. न्हाव्याला अण्णा तोंडाला हात लावू देत नसत, व्यंकोजीला देत. पडलेला गाल डाव्या हाताच्या बोटांनी वर ताणायचा, साबण लावायचा, वस्तरा हळू फिरवायचा. ही त्यानं स्वतःला लावून घेतलेली शिक्षा होती म्हणा. आठवडाभर ज्या तोंडावर जगायचं ते सोमवारी हातात धरायचं.

पण नटाची जात वाईट! एका सोमवारी गाल ताणताना त्याच्या लक्षात आलं की बोट सोडलं की खालचा ओठ लगेच परत येत नाही. जरा थांबतो, थरथरतो आणि मग लोंबतो. त्यानं पुन्हा ताणून सोडला. पुन्हा तेच. मंगळवारी रंगमंचावर त्यानं तसा ओठ सोडला. काय हसले लोक! चूळ भरायची सवय त्या मंगळवारची. आपण अण्णांची सेवा करायला जातो की माल आणायला जातो, हा प्रश्न त्या दिवसापासून त्याच्या मानगुटीवर बसला, आणि त्याचं उत्तर त्याला आवडणारं नव्हतं.

अशी सहा वर्षं गेली. व्यंकोजीला मद्रासेहून बोलावणं आलं, दोन सिनेमांत चार-चार मिनिटांची कामं मिळाली. दोन्हीकडं तेच तोंड. दुसरं काही करून दाखवायला लागला की दिग्दर्शक म्हणायचा, "ते राहू दे, ते वाकडं करा." पोराबाळांच्या अंगावर कपडे चढले, गोजराबाईच्या हातात पाटल्या आल्या. बाईनं एकदा विचारलं, "जगाला हसवता, घरात एकदा तरी हसलात का हो?" तो आठवू लागला, आणि आठवेना.

बासष्टच्या डिसेंबरात कंपनी पुन्हा बंगळुरात आली आणि हयवदनरावांनी जाहीर केलं : रघुजी माने यांच्या मदतीसाठी खास प्रयोग, रविवारी दुपारी. अण्णांना पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीत बसवायचं, हार घालायचा, जमेल ते सगळं सोयराक्काच्या हाती द्यायचं. कंपनीची जुनीच रीत, थकलेल्या नटासाठी.

"नाटक कुठलं?" व्यंकोजीनं विचारलं, आणि उत्तर आधीच ठाऊक होतं.

"वीरभूपाल. दुसऱ्या कशाला लोक येणार आहेत?"

"मालक, अण्णा समोर बसलेले असताना?"

"त्यांना काय कळतंय रे! आणि कळलं तरी घर चालेल की नाही त्यांचं? तुझं ठिगळ नसेल तर अर्धं थिएटर रिकामं राहील. बघ बाबा. तू ठरव."

काय ठरवणार! न करावं तर सोयराक्काच्या तोंडातला घास जातो. करावं तर अण्णांच्या तोंडावर अण्णांचं तोंड. सहा वर्षं झाकून ठेवलेलं असं गळ्याशी आलं.

त्याआधीच्या सोमवारी त्यानं दाढी केली, टॉवेलनं गाल पुसला, वस्तरा बाजूला ठेवला आणि अण्णांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसला. सोयराक्का पलीकडं उदबत्त्या वळत होती.

"अण्णा, मला काही सांगायचंय," तो म्हणाला. "त्या दिवशी तुमचे शब्द अडकले ना, मला वाटलं तुम्ही विसरलात. देवाशपथ, विसरलात असंच वाटलं. म्हणून मी आलो, ठिगळ लावायला. ते तोंड केलं. आता त्याचीच भाकरी खातो मी. येत्या रविवारी तुमच्यापुढं तेच करायचंय. माझं चुकलं, अण्णा. मला ठाऊक नव्हतं."

अण्णा त्याच्याकडं बघत होते. मग त्यांनी डावा हात मांडीवरून उचलला, हळूहळू, आणि दोन बोटं उभी केली.

व्यंकोजीनं सोयराक्काकडं चोरून बघितलं.

"दोन?" सोयराक्का पलीकडून म्हणाली. "कॉफी पाहिजे वाटतं. दोन कप. थांब, करते," आणि उठून आत गेली.

दोन बोटं तशीच उभी होती. एकदा नव्हे, दोनदा. पहिल्या वेळी ठाऊक नव्हतं रे, दुसऱ्या वेळी? माणूस त्या दिवशी तिथं शुद्धीवर होता. त्यानं हसणं ऐकलं होतं, वन्स मोअर ऐकला होता, व्यंकोजीच्या डोळ्यांत ओळख उमटलेली बघितली होती, आणि मग तोंड फिरवलेलं बघितलं होतं. आणि तरी सहा वर्षं व्यंकोजीच्याच हाती गाल देत होता. व्यंकोजीला तिथून पळून जावंसं वाटलं. पळाला नाही, कारण आत सोयराक्का कॉफी करत होती. कॉफी आली, त्यानं प्यायली, जीभ भाजली, आणि तो निघून आला.

रविवारी थिएटरात मुंगीला वाव नव्हता. अण्णांना चौघांनी उचलून आणलं, जरीचा फेटा बांधला, हार घातला. शेजारी सोयराक्का, ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून, डोळे टिपत. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. व्यंकोजी विंगेत झाडू धरून उभा. मालक मागून म्हणाले, "जीव ओतून कर आज. अण्णांसाठी."

तिसरा अंक. नव्या राजानं ठरल्याप्रमाणं शब्द अडखळवले, तलवार टाकली. व्यंकोजी आत गेला. एकदा तलवार दिली, पडली. दुसऱ्यांदा दिली, पडली. लोक आधीच हसायला लागले होते. पुढं काय येतंय ते त्यांना पाठ होतं. "महाराज काय म्हणतात म्हणून सांगू?" तो म्हणाला आणि लोकांकडं वळला. पहिल्या रांगेत, दहा हातांवर, खरं तोंड होतं.

त्यानं केलं. पडत्या ओठासकट केलं. हसण्याचा लोंढा आला, आणि त्याच्या पाठोपाठ, दरवेळसारखं, सगळ्या थिएटराचं एकच : "वन्स मोअर! वन्स मोअर!"

रीतीप्रमाणं वडील नटाकडं बघायचं. व्यंकोजीनं नव्या राजाकडं बघितलंच नाही. तो अण्णांकडं बघत राहिला. अण्णांची मान सरळ होती. अजिबात कलली नाही.

मग त्यानं झाडू खाली ठेवला. रंगमंचाच्या कडेवरून उडी मारली, पेटीवाल्याला ओलांडून गेला, आणि अण्णांच्या पायांवर डोकं ठेवून हंबरडा फोडला. "मला माहीत होतं अण्णा! दुसऱ्या वेळी मला माहीत होतं! तुम्हाला काय झालंय ते कळलं होतं मला, तरी केलं मी! टाळ्यांसाठी केलं!" कन्नडात नव्हे, घरच्या मराठीत, घसा फाडून. डोक्यावरचा टोप निसटला, रंग गालांवरून ओघळला, नाक वाहू लागलं.

आणि लोक? लोक हसले. असे हसले की तसे ते सहा वर्षांत कधी हसले नव्हते! बुटका व्यंकोजी भोकाड पसरून पाय धरतोय, रंगानं माखलाय, कसल्याशा भाषेत ओरडतोय. यापेक्षा मजेचं काय असतं? बाकं बडवली, टोप्या उडाल्या. "नवं ठिगळ! वन्स मोअर! वन्स मोअर!" त्याला वाटलं, आता मेलो तरी हे हसणार. उठून हात जोडून सांगावं, बाबांनो, हे खरं आहे हो, म्हणून त्यानं डोकं उचलायला घेतलं.

डोकं उचललं जाईना. अण्णांचा डावा हात त्यावर होता. राजांचा हात तो, सहा वर्षांच्या दुखण्यातही जड. त्यानं ते डोकं आपल्या पायांवर दाबून धरलं होतं. वर थिएटर ओरडत राहिलं, आणि हात तसूभर हलला नाही. ह्या वन्स मोअरला व्यंकोजी उठला नाही. अण्णांनी उठू दिलं नाही. हात निघाला तो पडदा पडून टाळ्या थांबल्यावर. शेजारी सोयराक्का, तिला मराठी कळत होती, तोंडावर पदर घेऊन बसली होती. ती रडत होती की काय करत होती ते व्यंकोजीला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हयवदनरावांचा माणूस गवीपूरला आला. मालकांनी विचारलंय, म्हणाला : ते उडी मारून पाया पडायचं आणि रडायचं, ते रोज करता येईल का? पहिल्या रांगेत एक म्हातारा बसवू, खर्च कंपनीचा.

"मालकांना सांग, माझा पाट दुसऱ्या कुणाला द्या," व्यंकोजी म्हणाला.

माणूस गेला. व्यंकोजीनं वस्तरा, साबण, टॉवेल पिशवीत घातलं, कारण सोमवार होता. कॉटनपेटेत उदबत्तीचा तोच वास. सोयराक्कानं दार उघडलं, त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. "ऊट झालं का?" आज तिनं विचारलं नाही. नुसती दारातून बाजूला झाली.

अण्णा खिडकीशी होते. त्यानं वाटीत पाणी घेतलं, साबणाचा फेस केला. फेसाचा हात गालापाशी नेला. अण्णांनी त्या हाताकडं बघितलं, मग त्याच्या तोंडाकडं, आणि पडलेला गाल पुढं केला.

व्यंकोजीनं गाल बोटांनी वर ताणला, ओठ दिसायच्या आत डोळे मिटून घेतले, आणि चाचपत चाचपत साबण लावायला लागला.